रत्नागिरीचं देणं कोण फेडणार?



आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला एक नाव पडलं आहे: मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा. मास्तर वर्गात तेच सांगतात, पेपरवाले तेच छापतात, पुढारी सभेत तेच बोलतात आणि आपण खाली बसून ऐकून घेतो. त्या नावाचा अर्थ काय? मुंबई पोशिंदी आणि कोकण आयतं खाणारं! त्याला जोडून आणखी चार गोष्टी ऐकवतात. कोकणी माणूस आळशी. कोकणी माणूस कज्जेदलाल. जमीन खडकाळ. देवानंच दिलं नाही, तिथं सरकार काय करणार?

हे सगळं खोटं आहे. मी मराठी चार इयत्ता शिकलेला, साच्यावर उभा राहून शहाणा झालेला माणूस. मोठी बुकं वाचून कुणाला शिकवणं माझं काम नव्हे. पण पगाराच्या दिवशी किती कापलं नि किती हातात पडलं, हा हिशेब कामगाराला कुणी शिकवावा लागत नाही. तोच हिशेब आज जिल्ह्याचा मांडू. मुंबईनं रत्नागिरीला किती दिलं हे सारे सांगतात. रत्नागिरीनं मुंबईला काय दिलं, ते आपण सांगू. मग कोण कुणाचं देणं लागतो ते आपोआप दिसेल.

देवानं काय दिलं?

आधी जिल्हा नीट बघा. उत्तरेला बाणकोटची सावित्री, दक्षिणेला विजयदुर्गची खाडी, पाठीशी सह्याद्रीचा कडा, पुढ्यात समुद्र. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजे, राजापूर हे नऊ तालुके. क्षेत्रफळ ८२०८ चौरस किलोमीटर. १९८१ साली दक्षिणेचे तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याआधी आपले बाप-आजे 'रत्नागिरी जिल्हा' म्हणत तेव्हा त्यात मालवण, देवगड, वेंगुर्लंही होतं.

पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. सोलापूरच्या गिरणीतल्या भावाला हा आकडा सांगा, तो म्हणेल थट्टा करता काय! त्याच्याकडं पडतो त्याच्या पाचपट पाऊस आपल्याकडं पडतो. आणि तरी चैत्र-वैशाखात आपल्या आया-बहिणी डोक्यावर हंडा घेऊन व्हाळात खड्डे खणत बसतात. का?

थोडा दोष जमिनीचा आहे, तो कबूल. आपला जांभा दगड चाळणीसारखा. पाणी धरत नाही. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या साऱ्या नद्या कड्यावरून उडी घेतात आणि चार दिवसांत समुद्राला मिळतात. पण ज्यांना पाणी हवं असतं ते डोंगराला घाबरत नाहीत. कोयनेचं पाणी घाटावर, सातारा जिल्ह्यात अडवलं. सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून ते चिपळूण तालुक्यात पोफळीला खाली आणलं. १९६२ साली तिथं वीज सुरू झाली. आज सारे टप्पे धरून त्या प्रकल्पाची ताकद १९६० मेगावॅटच्या घरात आहे. त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला सोडायची मुभा आहे. वीज करून झाली की ते पाणी कुठं जातं? वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत. खारट होऊन जातं!

म्हणजे विजेसाठी डोंगर पोखरता येतो. पण त्याच डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो की नाही याची वाट बघायची. आणि पावसाळ्यात त्याच वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडतं. २२ जुलै २०२१ चा दिवस चिपळूणकर जन्मात विसरणार नाहीत. पाणी नाही म्हणून हाल, पाणी आलं म्हणूनही हाल. याला देव जबाबदार आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा पोफळीला जाऊन यावं.

आणि आळशी कोण? डोंगराच्या उतारावर बांध घालून भाताची दळी कुणी केली? जिथं गवत उगवत नाही त्या कातळात सुरुंगानं खड्डे पाडून, डोक्यावरून माती वाहून कलमं कुणी लावली? हापूस आंबा परदेशी जातो त्याची वाहवा होते. त्या आंब्याखाली पाटीनं ओतलेली माती कुणाच्या मानेवरून आली, ते कुणी विचारत नाही. उतारावर नाचणी-वरी, शेतात भात, भातामागून कुळीथ-पावटा, खाडीत मासळी. खारवी, गाबीत, दालदी रात्री होडी घेऊन समुद्रात जातो. भंडारी माडावर चढतो. गवळी-धनगर कड्याकपारीत ढोरं सांभाळतो. हा आळशी माणूस म्हणे!

खोतानं काय घेतलं?

मग एवढा कष्ट करून घरात दाणा का राहिला नाही? कारण मळणी झाली की खोताचा माणूस खळ्यावर उभा.

खोत म्हणजे मुळात सरकारचा सारा गोळा करणारा मधला माणूस. पण तो गावचा धनी होऊन बसला. कुणाचं अर्धेल, म्हणजे निम्मं पीक खोताचं. कुणाचं तिर्धेल, म्हणजे तिसरा वाटा. वर वेठ. खोताची नांगरट आधी, मग कुळाची. खोताच्या घरी लग्न असो की मयत, कुळाची बाईमाणसं फुकट राबायला. १८१८ नंतर इंग्रज आला, १८३२ साली रत्नागिरीचा स्वतंत्र जिल्हा केला, पण खोताला त्यानं हात लावला नाही. उलट १८८० साली खोतीचा कायदा करून खोताच्या हक्काला कागद दिला. इंग्रजाला सारा वेळेवर हवा होता. कूळ जगतं की मरतं याच्याशी त्याचं घेणं नव्हतं.

इथं एक गोष्ट ध्यानात धरा. खोत ब्राह्मण होता, मराठा होता, मुसलमानही होता. कूळ कुणबी होतं, महार होतं, भंडारी होतं. लुटणाऱ्याला जात आड येत नाही, लुटलं जाणाऱ्यालाच ती आड येते! आणि ही जात आपण बोचक्यात बांधून मुंबईला आणली. गिरणीत साचे खात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे. म्हणून महार कामगाराला त्या खात्यात घेत नसत आणि जास्त पगाराचं काम त्याला मिळत नसे. दोघं एकाच तालुक्यातले, दोघं एकाच खोताचे मारलेले, पण पाण्याचं पिंप वेगळं. मालकाला आणखी काय पाहिजे?

ही गाठ सोडवली ती बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्चात कुणबी होता, महार होता. गावात सावली टाळणारे दोघे मुंबईच्या रस्त्यावर खांद्याला खांदा लावून चालले. आणि त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, संपावर बंदी घालू बघणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेब आणि लाल बावटा एकत्र आले नि गिरण्या बंद पडल्या. जानेवारीत शेतकरी म्हणून, नोव्हेंबरात कामगार म्हणून. माणूस तोच! त्याचा एक पाय शेतात, एक पाय साच्याखाली. हा इतिहास आपल्या पोरांना शाळेत कुणी शिकवत नाही. शाळेत टिळक, महर्षी कर्वे, साने गुरुजी हे आपल्या जिल्ह्याचे म्हणून सांगतात. ते आहेतच आणि त्यांचा अभिमान आहेच. पण त्या मोर्चात चाललेली अनवाणी माणसंसुद्धा जिल्ह्याचीच होती.

खोती शेवटी १९४९ च्या कायद्यानं गेली. १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचा मालक झाला, असं कागदावर ठरलं. पण मुंबईत पाळीवर उभा असलेल्या माणसाचं नाव तलाठ्याच्या दप्तरात लागलं की नाही, हे बघायला तिथं कोण होतं?

वाट कुणी बंद केली?

आता म्हणतील, कोकण पडलं आडवाटेला. खोटं! दाभोळ हे आदिलशाहीत नावाजलेलं बंदर. राजापुरात इंग्रजांची वखार होती, ती १६६१ साली शिवाजीमहाराजांनी फोडली. आडवाटेला कुणी वखार घालतं काय? कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला इंग्रज चळचळा कापत असे. ते आरमार समुद्रात बुडालं नाही. १७५५ साली पुण्याच्या पेशव्यानं इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्याचा सुवर्णदुर्ग पाडला आणि पुढच्या वर्षी विजयदुर्ग गेला. घरच्या भांडणात परका बोलावला आणि त्यानं घरच घेतलं. कामगार संघटनांनी हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पुढं आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ती घाट चढून वर गेली आणि जो माल कुंभार्ली घाटानं, आंबा घाटानं बैलाच्या पाठीवरून आपल्या बंदरांत उतरत होता तो थेट मुंबईला जाऊ लागला. चिपळूणचा, राजापूरचा व्यापार बसला. आणि आपल्याला आगगाडी कधी मिळाली? कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पुरी सुरू झाली. मोजा बोटांवर: १४५ वर्षांनी! तोवर भाऊच्या धक्क्यावरून बोटीच्या डेकवर ढोरांसारखं कोंबून जायचं, नाहीतर एस.टी.त उभं राहून. मुंबई-गोवा रस्ता चौपदरी करायचं काम २०११ साली काढलं, ते दहा वर्षं उलटली तरी पुरं झालं नाही. दरवर्षी गणपतीला चाकरमानी खड्ड्यांतून गावी जातो आणि दरवर्षी मंत्री खड्डे बघायला येतात.

गिरणीनं काय घेतलं?

शेतात खोत, बंदर बसलेलं, रस्ता नाही. मग माणूस जाणार कुठं? हाच तर मालकाचा फायदा! १८५४ साली दावरशेठनं मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. पाठोपाठ चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. त्यांना माणूस हवा होता, स्वस्त आणि नडलेला. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. एका जिल्ह्यानं निम्म्या गिरण्या चालवल्या!

आता खरा हिशेब घ्या. पोर जन्मलं कुठं? गावात. बाळंतपण कुणी केलं? गावानं. अठरा वर्षं भाकरी कुणी घातली? गावच्या नाचणीनं. मग तो मुंबईला आला, बदलीवर लागला, जॉबरच्या हातावर दस्तुरी ठेवली. ऐन जोमाची वीस-पंचवीस वर्षं मालकानं वापरली. कापसाची धूळ छातीत गेली, खोकला लागला, नजर गेली. मग त्याला कुठं पाठवला? परत गावाला! म्हातारपण गावाचं, आजारपण गावाचं, बेकारी गावाची. मधली फक्त रस काढायची वर्षं मालकाची. ऊस चरकात घालायचा आणि चोयट्या मळ्यात फेकायच्या, असा हा धंदा.

मालक म्हणे, 'मी पगार देतो.' पगार दिला तो एका माणसाच्या पोटापुरता. बायको-पोरं गावात स्वतःच्या भातावर जगतात हे धरूनच तो पगार बांधलेला. म्हणून पंधरा-वीस जणांनी एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचं आणि खानावळीत जेवायचं. जी मनीऑर्डर गावाला गेली तिला तुम्ही मुंबईची भीक म्हणता? अहो, ती भीक नव्हे, ते पुरतं व्याजही नव्हे. मुद्दल तर मुंबईतच राहिलं.

संप झाला की हे आणखी उघडं पडतं. १९२८ सालचा संप सहा महिने चालला, दीड लाख कामगार बाहेर. त्यांना कुणी पोसलं? १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेनं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागं घेतला असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. त्या दिवसांत कामगार बोचकं घेऊन गावी गेला. गावानं त्याला विचारलं नाही की मनीऑर्डर का थांबली. कणगीतलं भात काढलं आणि ताटात वाढलं. कामगारांची खरी संपनिधी पेढी म्हणजे कोकणातली ती कणगी!

बाईचा वाटा

हिशेबात एक खातं आजवर कुणी लिहिलं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ११२२ बाया आहेत. महाराष्ट्रात कुठल्याच जिल्ह्यात एवढ्या नाहीत. पेपरवाल्यांनी छापलं, कोकणात मुलीचा मान मोठा. मान असेल, पण आकडा मानाचा नाही. पुरुष घरात नाही त्याचा तो आकडा आहे! नांगराला गडी मिळाला तर ठीक, नाहीतर तिनंच भाजावळ करायची, लावणी करायची, सासऱ्याचं औषधपाणी बघायचं, कोर्टाची तारीख सांभाळायची. नवरा वर्षातून शिमग्याला नि गणपतीला, आठ-पंधरा दिवस. तिचं नाव ना गिरणीच्या हजेरीबुकात, ना सातबाऱ्यावर. पण तिनं शेत ओलं ठेवलं म्हणून मालकाला पगार कमी देता आला. मालकाच्या नफ्यात तिचा घाम आहे.

राज्य आलं, पुढं काय?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात विरोधक काय म्हणत होते? मुंबई भांडवलानं बांधली, मराठी माणूस इथं फक्त हमाल आणि गिरणी कामगार. त्याला उत्तर कुणी दिलं? २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला, १९५६ च्या जानेवारीत कामगार वस्त्यांत, छातीवर गोळ्या झेलून. पैसा तुमचा असेल, पण घाम आमचा, आणि घामावाचून पैशाला कोंब फुटत नाही, हे त्या माणसांनी रक्तानं लिहून दिलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई महाराष्ट्राची, हा आपला दावा खरा ठरला तो कशाच्या जोरावर? लालबाग-परळमधल्या आपल्या श्रमाच्या जोरावर.

मग त्या राज्यात श्रमाचा वाटा कुठं गेला? १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमाला मुरड घातली. वाटे फक्त रिकाम्या जागेचे, इमारती उभ्या होत्या ती जागा मालकाची! २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तेच टिकलं. चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. दीड लाखाहून जास्त कामगार-वारसांनी घरासाठी अर्ज केले, त्यांतल्या थोड्यांनाच किल्ली मिळाली. बाकीच्यांना बोट दाखवलं ते मुंबईबाहेर, शेलू-वांगणीकडं. कुणी वर ऐकवतात, 'गावाला घर आहे ना तुमचं? तिकडं जा!'

आणि गावात काय चाललंय? २००१ साली जिल्ह्याची वस्ती १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९. सारा महाराष्ट्र वाढला आणि आपला जिल्हा ८१ हजारांनी घटला. घरांना कुलपं लागली. कुलूप दिसलं की दलाल येतो. सडा सरकारी भाषेत 'पडीक'. त्याच सड्यावर आपली ढोरं चरतात. तिथंच हजारो वर्षांची कातळशिल्पं कोरलेली आहेत, ती २०२२ साली युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली. त्यांत बारसूचंही नाव आहे. आणि २०२३ च्या एप्रिलात त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला आडव्या झालेल्या बायांना पोलिसांनी उचलून गाडीत घातलं. कारखाना नको असं आपण कामगार कसं म्हणू? पण ज्याची जमीन त्याला विचारायचं नाही, ही खोतीच आहे. खोताचं नाव तेवढं बदललं.

आपली मागणी

म्हणून बंधूंनो, हात पसरायचं सोडा आणि देणं मागायला शिका.

एक: पोफळीतून उतरणारं कोयनेचं पाणी समुद्रात जाण्याआधी आपल्या वाड्यांना आणि शेतांना द्या.

दोन: गिरणी कामगाराला आणि वारसाला घर मुंबईतच द्या. ज्या जमिनीवर त्याची छाती पोखरली तिथं त्याचा हक्क आहे.

तीन: जिल्ह्यात धंदा आणायचा तर गावसभेला विचारून, जमीन आणि खाडी न नासवता, आणि नोकरी आधी तिथल्या पोरांना.

चार: सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं पाहिजे. जिनं शेत राखलं ती मालकीण.

आणि एक काम सरकारचं नाही, आपलं आहे. प्रत्येकानं या वेळी गावी गेल्यावर आपला सातबारा काढून वाचावा. भावकीच्या भांडणात दलालाला पंच करू नये. पेशव्यानं परका बोलावला त्याचं काय झालं ते वर सांगितलं आहे. वाडीतला कुणबी, बौद्ध, भंडारी, मुसलमान एका बाकावर बसला, तर १९३८ ची ताकद पुन्हा उभी राहील.

आपला जिल्हा मुंबईच्या दारचा याचक नाही. मुंबईच्या वहीत तो जमेच्या बाजूला आहे. वसुलीला सगळ्यांनी मिळून निघायचं आहे.

गिरणी कामगारांच्या एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!